कलम सात

सभा सुरू झाली सहा वाजून दोन मिनिटांनी.
हजर पाच. गैरहजर कोणी नाही.
बावीस वर्षं मी ह्याच ओळीने इतिवृत्त उघडते,
वही जाऊन लॅपटॉप आला, ओळ तीच.

ग्रंथालयाच्या टेबलांवर मुलांनी कर्कटकाने कोरलेली नावं
हिरव्या कापडाखाली झाकून
हायस्कूल जिल्ह्याचं मंडळ बसतं
दर दुसऱ्या मंगळवारी.
बाहेर कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यातलं जानेवारीचं धुकं,
बदामाच्या बागांत आधी गुडघाभर, मग कंबरभर,
मग खिडकीला नाक लावून.

कलम एक ते चार एकमताने.
जिमच्या छपराला नवा पत्रा.
कुस्तीत जिंकलेल्या इत्सेलला प्रमाणपत्र,
तिच्या आईचा फोटो हलला
म्हणून अध्यक्षांनी पुन्हा एकदा हस्तांदोलन केलं.
कलम पाच : झाडलोटीवरचे डेलमर प्रुइट, एकतीस वर्षं.
त्यांनी किल्ल्यांचा जुडगा टेबलावर ठेवला,
केवढा आवाज झाला.
मी लिहिलं, आभार मानण्यात आले.

कलम सहा पुढे ढकललं.

कलम सात : बस मार्ग चौदा.
कालव्यापलीकडे एकोणीस मैल, मुलं तीन.
पडद्यावर खर्चाचा तक्ता,
डिझेल, टायर, ड्रायव्हरचे तास.
थाओबाई बोलायला उठल्या, शेजारी मुलगी दुभाषी.
प्रत्येकी तीन मिनिटं हा नियम,
त्यातलं दीड मिनिट भाषांतराने खाल्लं.
घंटी वाजली तेव्हा मुलगी
‘म्हणून’ ह्या शब्दापाशी पोचली होती.
ती थांबली. बसली.

विद्यार्थी प्रतिनिधी टेगन, वय सतरा,
तिचं मत नोंदवायचं असतं, मोजायचं नसतं.
ती ‘नाही’ म्हणाली. माइक बंद होता.
माइक चालू करून परत म्हणाली.

बाजूने दोन, विरुद्ध दोन.
ओडेट सिल्व्हेराने चष्मा काढला, पुसला,
परत घातला,
आणि बाजूने हात वर केला.
मार्ग चौदा बंद, एक मार्चपासून.
सभा संपली नऊ चाळीसला.

इथपर्यंतचं दप्तरी आहे.

पार्किंगमध्ये डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना.
कुणाची गाडी कुठली, चाचपडत शोधली.
शेवटच्या रांगेत रात्रभर गप्प बसलेला फाउस्तीनो,
चौदाचा ड्रायव्हर, म्हणाला, माझ्या मागे या.
थाओबाई आणि मुलगी त्याच्या बसमध्ये,
मागे ओडेट, मागे मी, मागे अजून दोघं,
सगळे कालव्यापलीकडचे.
तो प्रत्येक चौकात इंजिन बंद करायचा,
काच खाली घेऊन कानोसा घ्यायचा,
मग पुढे.
एकोणीस मैलांना दीड तास.

एका टपालपेटीपाशी बस थांबली.
बाजूची लाल पाटी फटकन उघडली.
लाल पाटी उघडी असेपर्यंत मागच्याने हलायचं नाही,
हा तर राज्याचा कायदा,
तेव्हा मंडळाचं बहुमत आणि अल्पमत
दिवे मंद करून उभं राहिलं
दोन बायका ओसरीपर्यंत पोचेस्तोवर.
मुलगी वळून हात करत होती,
कुणाला, ते दिसत नव्हतं.

पहाटे सहाला ओडेटचा फोन.
मागे गोठ्यातलं दूध काढायचं यंत्र धडधडतंय.
झालेला ठराव परत आणता येतो का?
येतो, मी म्हटलं, पण जिंकलेल्या बाजूने मत दिलेल्यानेच.
बराच वेळ नुसतं यंत्र.
मग तिने विचारलं,
ती पोर घंटी वाजली तेव्हा काय सांगत होती गं?
तुझ्याकडे असेल लिहिलेलं.

मी इतिवृत्त वरखाली चाळलं.
‘एका पालकांनी मत मांडले,’ एवढंच.
‘म्हणून’सुद्धा नव्हतं.